निफाडकर डॉक्टर आणि सरदार

मी वराह पैदास केंद्रात नोकरीला होते, हे आमच्या घरातलं उघड गुपित होतं. आई सदाशिव पेठेत सगळ्यांना सांगायची, "पशुसंवर्धनात आहे." कोणी फारच खोदून विचारलं, तर गाई-म्हशींवर भागवायची. माझ्या लग्नाच्या बोलण्यांत तर केंद्राचं नावसुद्धा निघत नसे. ती बोलणी तरीही मोडत, तो भाग वेगळा.

केंद्र मुळशी तालुक्यात, पौडहून रिह्याकडे जाणाऱ्या वाटेवर होतं. पत्र्याच्या लांबलचक शेड, त्यांत विलायती पांढरी डुकरं, एक ऑफिस आणि मागे तीन क्वार्टर. एका क्वार्टरमध्ये मी, केंद्राची एकुलती एक कारकून. भिंतीला भिंत लागून निफाडकर डॉक्टर, त्यांची आई आणि बायको. तिसऱ्याला गळती होती म्हणून ते रिकामं. ऐंशीच्या आसपासची ही गोष्ट. इतक्या वर्षांनीही कोणी कोणाला सहज विचारलं, "तुम्हाला मुलं किती?" तर उत्तर ऐकताना मला निफाडकर डॉक्टर आठवतात, आणि मग उत्तराकडे माझं लक्ष राहत नाही.

हजर होण्याच्या दिवशीच त्यांची गाठ पडली ती अशी. ऑफिसात कोणी नव्हतं, म्हणून मी मागच्या पडवीत गेले. एक किडकिडीत, चष्मा लावलेला माणूस पाटावर बसला होता आणि पुढ्यात एनॅमलच्या ट्रेमध्ये काहीतरी ओलं, गुलाबी पसरलेलं होतं. सकाळीच साप चावून एक गाभण डुकरीण मेली होती, तिचं गर्भाशय. नाव-गाव काही न विचारता ते म्हणाले, "बाई, या, जरा मोजायला मदत करा." बीजकोशावर पिवळट गाठी होत्या, मटाराच्या दाण्याएवढ्या. एक बीज सुटलं की मागे एक गाठ राहते, असं त्यांनी सांगितलं. गाठी चौदा भरल्या. मग त्यांनी गर्भाशय उघडून वाढते गर्भ मोजले. ते सहा होते. बाकीच्या जागी कुठे करड्या रंगाचा सुकलेला ठिपका, कुठे काहीच नाही.

"चौदा आले होते," ते हळू आवाजात म्हणाले. "सहा राहिले."

मी बाहेर जाऊन उलटी केली. परत आले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता आणि स्वतः अजून त्या ट्रेकडेच बघत होते.

हे "आले होते" त्यांच्या तोंडात बसलेलं होतं. डुकरीण व्याली की कामगार धावत येऊन सांगायचे, "साहेब, नऊ झाली." डॉक्टर विचारायचे, "राहिली नऊ. आली किती असतील?" कामगार एकमेकांकडे बघून डोळे मिचकावायचे. पिलांच्या खोलीत शिरताना ते मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवायचे, चपला दाराशी काढायचे, आणि पिलं मोजून झाली तरी लगेच निघायचे नाहीत. क्षणभर रिकाम्या गवताकडे बघत उभे राहायचे. मला वाटायचं, हा माणूस अजून कोणाची तरी वाट बघतोय. "पदरात पडले तेवढेच मोजायचे नसतात," असं ते म्हणत. पगाराच्या दिवशी हे वाक्य आम्ही त्यांच्यावरच उलटवायचो, आणि ते मनापासून हसायचे. हसताना त्यांचा चष्मा हमखास नाकावर घसरायचा.

डुकरिणींशी ते अहोजाहो करायचे. "अहो, सरका थोडं, पिलू दबतंय." माणसांशी तेवढ्या मायेनं बोलताना मी त्यांना फारसं ऐकलं नाही. घरी तर ते बोलतच नसत. बोलायच्या त्या माई, त्यांच्या आई, आणि आमच्यामधली भिंत इतकी पातळ होती की माईंचं सगळं बोलणं मला फुकटात मिळायचं.

डॉक्टरांची बायको शालिनी जवळच्याच कोळवणची. डॉक्टर इथे बदलून आल्यावर तिथल्या एका शेतकरी घरानं हा शिकलेला जावई हेरला आणि पटकावला. शालिनीवहिनी उंच, सावळ्या, शिवणकामात हात बसलेल्या. केंद्रातल्या सगळ्या बायकांची पोलकी त्याच शिवायच्या. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. दिवस राहत, पण तिसऱ्या महिन्याच्या आसपास जात. असं तीनदा झालं होतं. मी तिथे असताना चौथ्यांदा झालं. माईंनी भिंतीपलीकडे नेहमीच्या आवाजात म्हटलं, "पिशवीच नाजूक आहे हिची. सांभाळतच नाही." पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही काहीसं तसंच सांगितलं होतं म्हणे. निफाडकर डॉक्टरांचा आवाज काही आला नाही.

आता सरदाराबद्दल सांगायला हवं. सरदार हा केंद्रातला मुख्य नर. लांब पाठ, भरलेले पुठ्ठे, गुलाबी कान, आणि चाल अशी की कामगार बाजूला होऊन वाट द्यायचे. प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं होतं. केंद्राची एक योजना होती. गावातल्या बायकांना माद्या अर्धलीनं द्यायच्या. त्यांनी सांभाळायच्या, पिलं झाली की निम्मी त्यांची, निम्मी केंद्राची. माद्या फळवायला सरदाराला बैलगाडीत घालून रिहे, कोळवण, पार कासारसाईपर्यंत नेत. गावात शिरताना कोणीतरी त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालायचा, आणि सरदार ती खाऊन टाकायचा.

आणि पिलं कमी होत होती. दहा-बाराच्या जागी पाच, सहा, कधी चारच. गावात बायका एकमेकींवर घसरल्या. हिची नजर वाईट, तिचा हात जड. ज्या बाईच्या मादीला कमी पिलं, तिला चांगल्या कामाला बोलवेनात. डॉक्टरांनी मादी तपासायची, पुढच्या वेताला पुन्हा कमी भरली की ती बाद करायची, म्हणजे खाटकाकडे. बाद माद्यांच्या यादीवर ते सही करत आणि मी शिक्का मारत असे. एकदा मी विचारलं, नर तपासायला नको का? ते शिकवल्यासारखं म्हणाले की पिलांची संख्या मादीवर ठरते. किती बीजं सुटतात आणि गर्भाशय किती सांभाळतं, यावर. यात नराचा हात नावापुरता असतो. पुस्तकात तसंच होतं, आणि बहुतेक वेळा खरंही असतं. साप चावलेल्या त्या डुकरिणीचा ट्रे त्यांनी स्वतः बघितला होता. चौदा बीजं सोडणारी मादी नापीक कशी म्हणायची? पण त्यांनी तेव्हा ताडलं ते एवढंच की हिचं गर्भाशय सांभाळत नाही. भिंतीपलीकडे माई म्हणायच्या तेच.

हे कोडं सुटलं ते रिह्याच्या हौसाबाईंमुळे, आणि तेही योगायोगानं. हौसाबाई बौद्धवाडीतल्या, मुलगा दापोडीला कंपनीत, घरी त्या आणि दोन माद्या. त्यांची थोरली मादी बाद ठरली तेव्हा त्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसल्या.

"डागदर, येक डाव ऱ्हाऊ द्या तिला," त्या म्हणाल्या. "तुमाला ती कागदावरची हाय. मला ती घरातली हाय."

डॉक्टरांना नाही म्हणता येत नसे, सही करता येत असे. पण त्या दिवशी त्यांनी सही केली नाही. नेमका तेव्हा सरदाराचा पाय सुजला होता, म्हणून केंद्रात पडून असलेला दुसरा एक नर पाठवला. फाटक्या कानाचा, वाकड्या पायांचा, कोणी त्याला नावही ठेवलं नव्हतं. बैलगाडी रिह्यात शिरली तेव्हा पोरं हसली आणि माळ कोणी आणलीच नाही.

मादी व्याली त्या दुपारी मी डॉक्टरांबरोबर रिह्याला गेले होते, अर्धलीच्या कागदावर हौसाबाईंचा अंगठा घ्यायला. पिलं आचळांना लुचत ओळीनं पडली होती. हौसाबाई मोजायच्या आधीच हसत होत्या. बारा होती. मला वाटलं डॉक्टर आता खूश होतील. ते खाली उकिडवे बसले, पुन्हा मोजलं. मग ते त्या डुकरिणीला म्हणाले, "माफ करा हं."

परतताना वाटेत ते एकेका मादीची आठवण काढत होते. कोळवणची चांदी, कासारसाईची काळ्या ठिपक्याची, अगदी शहाणी होती ती. सगळ्या बाद झालेल्या.  भाताची कापणी चालू होती आणि खाचरांतून बायका हाका मारून विचारत होत्या, हौसाबाईला किती झाली? मी हातानं खूण करत होते. डॉक्टर वर बघत नव्हते.

त्यांनी सरदाराचं रक्त मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे त्यांच्या ओळखीचं कोणी होतं. बाटल्या थर्मासमध्ये बर्फात ठेवल्या, आणि स्वतः घेऊन गेले. बाटल्या दोन होत्या, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

दिवाळीच्या सुमारास उत्तर आलं. सरदाराच्या गुणसूत्रांत अदलाबदल होती. ते काय असतं हे त्यांनी मला टेबलावरची दोन पुस्तकं घेऊन समजावलं. "समजा, बाइंडरनं चुकून या पुस्तकाची शेवटची पानं त्या पुस्तकाला आणि त्याची याला शिवली. दोन्ही पुस्तकं तुमच्याच कपाटात आहेत, तोवर काही हरवलेलं नाही. तुम्ही धडधाकट, देखणे, बक्षीसपात्र. पण मुलाला देताना कपाटातली निम्मीच पुस्तकं द्यायची असतात. त्यात चुकीचं एक आणि बरोबर एक असं गेलं, तर काही पानं दुबार जातात आणि काही जातच नाहीत. तो जीव येतो, थोडा वाढतो आणि थांबतो." मग पुस्तकं सरळ रचत म्हणाले, "आणि आईच्या नावावर पडतो."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी रिह्याच्या चावडीवर सगळ्यांना बोलावलं. डुकरिणी सांभाळणाऱ्या बायका मागे उभ्या, पुरुष पुढे बसलेले. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की पिलं कमी होत होती ती सरदारामुळे. नजरेमुळे नाही, हाताच्या गुणामुळे नाही, माद्यांमुळेही नाही. चूक मी केली, चांगल्या माद्या मी घालवल्या. पुरुषांना ते पटेना. एवढा दांडगा नर, त्याच्यात खोट कशी असेल, हा त्यांचा मुद्दा. एक म्हातारा तर चिडून उठूनच गेला, जणू त्यालाच कोणी बोल लावला होता.  मागच्या बायकांत ज्या दोघी वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्या जाताना एका वाटेनं गेल्या.

सरदाराला नेलं त्या सकाळी डॉक्टर त्याच्या खुराड्यात उभे होते. कागदावर सही त्यांनीच केली होती. सरदार नेहमीसारखा येऊन त्यांच्या मांडीवर नाक घासत होता. गाडी आली, माणसांनी फळी लावली, तो आपल्या रुबाबात चढला. डॉक्टर म्हणाले, "त्याला काहीच दुखत नव्हतं हो. कधीच काही दुखलं नाही त्याला." ते माझ्याशी बोलत होते असं मला तेव्हा वाटलं. त्यानंतर ते त्या रिकाम्या खुराड्यात जाऊन बसायला लागले. दुपारचा डबासुद्धा तिथेच. कामगार म्हणायचे, साहेबांना सरदारानं धरलंय. त्या शेडकडे संध्याकाळी एकटं जायला कोणी राजी नसायचं. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. तरी मीही जात नसे.

शालिनीवहिनी या सगळ्या काळात माहेरी होत्या. चौथ्यांदा गेलं त्यानंतर माईंनी त्यांना विश्रांतीच्या नावाखाली कोळवणला धाडलं होतं, आणि ती विश्रांती काही संपत नव्हती. भिंतीपलीकडे आता काडीमोडाचं आणि दुसऱ्या लग्नाचं बोलणं चालू झालं होतं. निफाडकडची एक मुलगी, गरिबाघरची, वय जरा वाढलेलं, बाप बिजवराला द्यायला तयार. डॉक्टर हो म्हणत नव्हते आणि नाही म्हणत नव्हते. खरं सांगते, मला त्यांची चीड यायची. जो माणूस डुकरिणीची माफी मागतो, त्याला आईपुढे तोंड उघडता येऊ नये?

संक्रांत झाल्यावर ती मंडळी आली. मुलगी, तिचे वडील आणि एक मामा. जागा बघायची, जावई बघायचा आणि तिथेच सुपारी फोडायची, असा बेत. माईंनी मला पोहे करायला बोलावलं होतं. मी कोथिंबीर निवडत स्वयंपाकघराच्या दारात होते, म्हणून मला सगळं दिसलं. मुलगी खाली मान घालून बसली होती, अंगावर नवं पातळ, हातात रुमाल पिळत. वडिलांनी हात जोडून म्हटलं, "आमची बाजू दुबळी आहे डॉक्टरसाहेब, पण मुलगी निरोगी आहे."

"तुमची मुलगी निरोगी आहे," डॉक्टर म्हणाले. "मी नाही."

माई उठू लागल्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ज्या आवाजात ते चावडीवर बोलले होते, त्याच आवाजात बोलत राहिले. "माझं रक्त तपासून घेतलंय. माझ्या पहिल्या बायकोचे चार जीव गेले ते माझ्यामुळे गेले. तिच्यात काही नव्हतं. तुमच्या मुलीचेही तसेच जातील. एखादा टिकेलही, पण त्याची खात्री नाही. आणि गेले की सगळे तिच्याकडे बोट दाखवतील. या घरात दाखवलं गेलं, मी ऐकत बसलो होतो. तुम्ही मुलगी देऊ नका."

मुलीनं मान वर केली आणि त्यांच्याकडे सरळ बघितलं. तेवढ्या माणसांत तिला एकटीलाच ते नीट कळलं असावं. पोहे तसेच राहिले. मंडळी दुपारच्या गाडीनं परत गेली. माईंनी लेकाशी बोलणं टाकलं ते टाकलंच. पुरुषात असलं काही नसतं, सुनेनंच काहीतरी करून याचं डोकं फिरवलं, एवढं त्या मी भेटले की मला ऐकवायच्या.

डॉक्टर दुसऱ्याच दिवशी कोळवणला गेले आणि एकटेच परत आले. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं ते शालिनीवहिनी आपलं शिवणयंत्र न्यायला आल्या तेव्हा. डॉक्टर दौऱ्यावर असतील असा दिवस बघून त्या भावाबरोबर आल्या होत्या. भाऊ यंत्र गाडीत चढवत होता, तेवढ्या वेळात त्या माझ्या खोलीत टेकल्या. मी मूर्खासारखं म्हणाले, "पण त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं हो."

"दोन्ही निकाल एकाच दिवशी आले होते," त्या म्हणाल्या. "डुकराचा दुसऱ्या दिवशी चावडीवर सांगितला. स्वतःचा सांगायला संक्रांत उजाडली. तेवढ्या दिवसांत मला कोळवणात देवऋष्याकडं नेलं. उपास घातले. भावजयीनं आपलं तान्हं माझ्या मांडीवर द्यायचं बंद केलं." मग म्हणाल्या, "मी रागावले नाही, बाई. मला आता त्यांच्यासमोर बसवतच नाही. ते माझ्याकडं बघतात आणि माझ्या मागं बघतात. मागं चार जण उभे असल्यासारखं."

 खरं तर मीही त्यांना तसं बघताना पाहिलं होतं.

डॉक्टरांची बदली झाली विदर्भात. त्यांनीच मागून घेतली असं कार्यालयात बोलत. जायच्या आधी त्यांनी सरदाराच्या लेकी आणि लेक हुडकत गावोगाव पायपीट केली. कोणात ती अदलाबदल उतरलेली असू शकते हे प्रत्येक घरी बसून समजावलं, आणि एकही मादी स्वतःच्या सहीनं बाद केली नाही. पैदास थांबवली, त्या नुसत्याच सांभाळल्या जाऊ लागल्या. वरून विचारणा झाली, तिला त्यांनी काय उत्तर दिलं कोण जाणे. शालिनीवहिनींना त्यांनी निरोप धाडला होता. अमुक दिवशी सकाळच्या कोळवण-पुणे गाडीनं या, मी पौडला चढेन, पुढे बरोबर जाऊ. उलट निरोप आला नव्हता.

त्या सकाळी मी पौडच्या स्टँडवर त्यांना पोचवायला गेले. माई ट्रंकेवर पाठमोऱ्या बसल्या होत्या. हौसाबाईही होत्या, दापोडीला लेकाकडे निघालेल्या, डोक्यावर पाटी. कोळवणची गाडी धुरळा उडवत आली, नेहमीसारखीच भरलेली. डॉक्टर मागच्या दारानं चढले आणि एकेक बाकावर नजर टाकत पार ड्रायव्हरपर्यंत गेले. मग परत आले. त्यांनी ट्रंक टपावर चढवली, माईंना हात धरून वर घेतलं, पौडला एक बाक रिकामा झाला होता त्याच्या खिडकीशी बसवलं, आणि माईंच्या शेजारच्या जागेवर खांद्यावरचा पंचा पसरला. स्वतः दांडीला धरून उभे राहिले.

कंडक्टरनं विचारलं, किती? ते म्हणाले, तीन. कंडक्टरनं दोघांकडे बघितलं, पंच्याकडे बघितलं, आणि विचारलं, तिसरं माणूस कुठाय?

"आमची मंडळी यायची आहेत," डॉक्टर म्हणाले.

कंडक्टर काहीतरी बोलणार होता, पण त्यांच्या तोंडाकडे बघून त्यानं तीन तिकिटं फाडली. स्टँडवरची माणसं चढतच होती. मी खिडकीशी उभी होते. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते माझ्या डोक्यावरून कोळवणच्या रस्त्याकडे बघत होते. एक धोतरवाला पिशव्या सावरत आत शिरला आणि सरळ त्या पंच्यावर बसायला लागला. हौसाबाई पाटी खाली ठेवून तिथेच उभ्या होत्या, थकलेल्या, गुडघ्यांनी अधू. त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला.

"तितं बसू नगा, दादा," त्या म्हणाल्या. "जागा धरलीया."

घंटी वाजली. गाडी हलली तेव्हा त्या तिथेच होत्या, एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या हातानं पंच्याचं सरकलेलं टोक नीट करत.